दारावर खणाचा एक तुकडा : साताऱ्याच्या बाजारपेठेला खुले पत्र

प्रति,
वरचा रस्ता, खालचा रस्ता, मोती चौक, खण आळी आणि राजवाडा परिसरातील सर्व दुकानदार बंधू-भगिनी,
सातारा.

विषय : दिवाळीच्या खरेदीला येणाऱ्या बायकांना आपल्या दुकानातले स्वच्छतागृह वापरू देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शाहूपुरीत राहते आणि घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी. या कामाला आता बावीस वर्षं झाली. अस्तर, रीळ, हुक, लेस घ्यायला आठवड्यातून एकदा तरी तुमच्याकडे माझी फेरी असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझं नाव ठाऊक नसेल, पण "टू बाय टूवाल्या ताई", म्हणजे ब्लाउजचं टू बाय टू कापड नेणारी, म्हटलं की चेहरा आठवेल. तुमच्या वडिलांच्या हातून माल नेलेली मी बाई आहे, आणि आता तुमची मुलं गल्ल्यावर बसलेली बघते आहे. एवढ्या वर्षांच्या ओळखीवर आज तुमच्याकडे एक गोष्ट मागते आहे.

दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांपासून ते भाऊबीजेपर्यंत, बाजारात आलेल्या बाईला तुमच्या दुकानातलं स्वच्छतागृह वापरू द्या. तिने तुमच्याकडे खरेदी केलेली असो वा नसो.

हे असं पत्र लिहून मागण्याची वेळ का आली, ते सांगते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं बाजाराला निघालो. मी, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सुट्टी नव्हती. यादी मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर केली होती, एकोणीस वस्तूंची. किराणा त्यात धरला नव्हता, तो आधीच भरलेला होता. रवा-बेसनाचे लाडू झाले होते, पातळ पोहे उन्हात घालून ठेवले होते. राहिली होती ती सगळी वरची कामं. चकलीची भाजणी दळून आणायची, ओवाळणीला बँकेतून नव्या नोटा आणायच्या, मुलीला ड्रेस, मुलाच्या किल्ल्यावर मांडायला मातीची चित्रं, नणंदेला भाऊबीजेची साडी, उटणं, पणत्या, रांगोळी, कारीट, केरसुणी, लाह्या-बत्तासे, बोळकी. सण कुठलाही असो, ही यादी बाईच्याच डोक्यात तयार होते आणि बाईच्याच पायांनी पुरी होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बाजार आवडतो. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी वरच्या रस्त्याला आकाशकंदील लागले की अजूनही माझा पाय तिथे थांबतो.

सकाळी दहाला गिरणीत डबा ठेवला. डब्यांची रांग पार पायरीपर्यंत आली होती. "भाजणी डाळीवर दळा, गव्हावर नको," असं सांगून संध्याकाळी न्यायला येते म्हटलं. तिथून पोवई नाका, बँक, आणि मग चालत वर. सासूबाईंचं वय एकाहत्तर, साखरेची गोळी चालू. मी त्यांना घरीच थांबा म्हणत होते. पण लेकीची साडी त्यांना स्वतः निवडायची होती. "तू चांगलीच घेशील गं, पण पोत माझ्या हाताला कळूदे," असं म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. आयुष्यभर ज्या बाईने लेकीसाठी काही ना काही स्वतःच्या हाताने निवडलं, तिने सत्तरीनंतर ते का सोडायचं?

त्यांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. चहासुद्धा अर्धा कप घेऊन बाजूला ठेवला होता. बाजाराला जायचं म्हणून.

दुपारी दीडच्या सुमाराला एका दुकानात साड्या बघत होतो. गर्दी इतकी की बसायच्या गादीवर माणसं उभी होती. सासूबाई एकदम गप्प झाल्या. समोर पसरलेल्या साड्यांकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, एवढंच चाललं होतं. मी विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "जायचंय गं मला कुठंतरी." मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "स्टाफचं आहे, मावशी. कस्टमरला देत नाही." बाहेर पडून शेजारच्या दुकानात विचारलं. तिथे "पुढे बघा" म्हणाले. पुढे दोन ठिकाणी तर नुसती मान हलवली. शेवटी विचारत विचारत एका सार्वजनिक जागी पोहोचलो. दाराला आतून कडी नव्हती, दिवा नव्हता, पाणी बाहेरपर्यंत आलेलं आणि दाराला लागूनच एक पुरुष पैसे घ्यायला बसलेला. सासूबाई उंबऱ्याशी थांबल्या, नऊवारीचा काठ वर धरला आणि मागे फिरल्या. "चल, धरवतंय मला," म्हणाल्या.

रिक्षा मिळेपर्यंत पाच वाजले. घरी पोहोचायला पावणेसहा. सकाळी साडेनऊला त्यांनी घर सोडलं होतं. हिशेब तुम्हीच करा.

वसुबारसेला त्यांनी तुळशीपाशी पहिली पणती लावली, गायवासराच्या चित्राला हळदकुंकू वाहिलं आणि रात्री अकराला हुडहुडी भरून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. कंबरेपासून पोटापर्यंत कळा. धनत्रयोदशीला सकाळी दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांना आमची ओळखही नीट लागत नव्हती. लघवीच्या जागेचा संसर्ग वर किडनीपर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो, पुरुषाचा जवळपास वीस. त्यामुळे जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवून ठेवली की जंतू धुऊन जायचे राहतात आणि तिथेच वाढतात. त्यात वय आणि साखर. "बाजारात गेल्या होत्या का?" असं त्यांनी आपणहून विचारलं. सणाच्या आधी असे पेशंट येतात, म्हणाले.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला आम्ही दवाखान्यात होतो. बाहेर कुठेतरी पहिला फटाका वाजला तशा त्या जाग्या झाल्या आणि "उटणं आणलंय का?" म्हणून विचारलं. मुलीने घरून वाटीत कालवून आणलं होतं. एका हाताला सलाईनची सुई, म्हणून दुसऱ्या हाताला, कोपरापासून बोटांपर्यंत, तिने ते लावलं. नर्सबाईंनी कोमट पाण्यात बुडवलेला कापूस दिला. तेवढंच अभ्यंगस्नान. मुलाने खिशात कारीट आणलं होतं, ते आजीला दाखवून घरी नेऊन फोडलं.

हे सगळं सोसलं, त्याचंही मला एवढं नाही. पण दवाखान्यातून सोडताना सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "चूक माझीच झाली. या वयात बाजारात जायलाच नको होतं." ते वाक्य मला आजही झोपू देत नाही. सुनेच्या घरी सण व्हावा, लेकीला साडी जावी म्हणून बाजारात आलेली बाई. तिला लघवीला जागा मिळाली नाही, आणि चूक तिचीच?

त्यानंतर वर्षभर मी मापं घेता घेता प्रत्येक बाईला विचारत आले. शिलाईच्या खोलीत दार लोटलेलं असतं, बायका मोकळं बोलतात. एकीलाही "म्हणजे काय?" असं विचारावं लागलं नाही. सगळ्यांना लगेच कळलं. कुणी म्हणालं, मी घरातून निघायच्या आधी दोनदा जाऊन येते. कुणी सांगितलं, दुपारी घरी येऊन पुन्हा बाजारात जाते, रिक्षाचे पैसे दुप्पट होतात. बाळंत होऊन तीन महिने झालेली एक मुलगी म्हणाली की तिच्याने दोन तासांवर दम धरवतच नाही, म्हणून यंदा बाळाचं पहिलं अंगडं-टोपडं नवऱ्याला आणायला सांगितलं. हौस तिची होती. साताऱ्याजवळच्या परळी भागातून ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका मावशींचं बोलणं जसंच्या तसं लिहिते : "आमी बाजाराच्या दिशी सकाळधरनं घोटभर पानी पीत न्हाय बघा. येष्टीत बसल्यावर सुदिक पीत न्हाय. घरी गेल्याव तांब्याच्या तांब्या पितो."

तुम्हाला गावाकडच्या बायकांची गर्दी वाढलेली जाणवली असेल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर २०२२ पासून प्रवास फुकट आहे. मेढा, परळी, कोरेगाव, नागठाणे, कुठून कुठून मायलेकी, सासवासुना एकत्र येतात. पूर्वी घरातला एक पुरुष पिशवी घेऊन यायचा आणि देतील तो रंग घेऊन जायचा. आता बाई स्वतः येते, पोत बघते, दोन दुकानं फिरते. तुमच्या गल्ल्यात तिच्या हातून पैसा येतो. पण ती सकाळच्या गाडीने येते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. मधले सहा-सात तास तिचं घर इथे नसतं. माझ्यासारखी शाहूपुरीची बाई निदान रिक्षा करून पळू शकते. तिने कुठे जायचं?

आणि पाळी. हा शब्द पत्रात लिहावा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. लिहिते. त्याच दिवशी, सासूबाईंना घेऊन मी जागा शोधत होते तेव्हा मुलगी भावाचा हात धरून एका कपड्याच्या दुकानात थांबली होती. तिथे तिला पाळी आली. तेरा वर्षांची पोर, घाबरून गेली. त्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने तिचा चेहरा बघितला, काही न विचारता ओढणी दिली कंबरेला बांधायला, आणि मागच्या बाजूला घेऊन गेली. "मालकांना सांगू नको हां," एवढंच म्हणाली. त्या मुलीचे मी किती आभार मानू? पण तिने जे केलं ते लपून करावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या सगळ्यांच्या घरी लेकी आहेत.

दुकानात उभ्या राहणाऱ्या या मुलींचंही इथेच बोलते. दिवाळीत सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत त्या उभ्या असतात. ज्या दुकानात कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह देणं २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. जागेची अडचण असेल तर दोन-चार दुकानदारांनी मिळून एक सोय केली तरी चालते, अशी सवलतही त्यातच आहे. मला कायदा दाखवून तुम्हाला भीती घालायची नाही. माझं म्हणणं एवढंच, की बऱ्याच दुकानांत सोय आधीपासून आहे. नवं बांधायचं नाहीये. दार तेवढं उघडायचं आहे.

आणि हे दार पूर्वी उघडंच असायचं.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. मी लहान असताना दिवाळीच्या बाजाराला आईबरोबर साताऱ्याला यायचे. सकाळी एसटी, दिवसभर पेठ, संध्याकाळी एसटी. आम्ही ज्या कापडदुकानात जायचो ते जुन्या वाड्यात होतं. पुढे दुकान, मागे मालकांचं बिऱ्हाड. आई दुकानात पाऊल टाकायची आणि मालक माडीकडे बघून हाक मारायचे, "अगं, पाव्हण्या आल्यात." मालकीणबाई खाली यायच्या, आम्हाला आत न्यायच्या. मागच्या चौकात मोरी, तांब्याचा हंडा, दगडी पायरी. पाय धुवायचे, तोंड धुवायचं, आत जाऊन यायचं. मग तांब्याभर पाणी, त्यावर चहा, मला हातावर साखर. आई आणि त्या बाई पायरीवर टेकून पोराबाळांचं बोलायच्या. मग बाहेर येऊन आई आरामात खण निवडायची. तासभर. कुणी घाई केली नाही. कापड घेतलंच पाहिजे असंही नव्हतं. एका वर्षी पाऊस गेला आणि आईने काहीच घेतलं नाही, तरी मालकीणबाईंनी आम्हाला आत नेलंच.

आता वाडे गेले. मागच्या चौकात गोडाऊन आलं, बिऱ्हाडं फ्लॅटमध्ये गेली. कुणी मुद्दाम दार लावलं असं मी म्हणत नाही, होता होता झालं ते. पण आजही तुमच्यातल्या अनेकांच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. त्या आजोबांच्या घरात बाहेरगावची बाई "आत या" ऐकत होती. मी जे मागते आहे ते परदेशातून आणलेलं नाही. तुमच्याच घराण्याची ती रीत आहे.

आपल्या जिल्ह्याचंच एक उदाहरण मनात येतं. खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. १८६८ साली त्यांनी पुण्यातल्या स्वतःच्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. त्या कामाला लागलेलं धाडस फार मोठं, माझ्या मागणीला त्याची सर नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट मला त्यातून शिकायला मिळाली. त्यांनी सरकारी हौदाची वाट बघितली नाही. घरात होता तो उघडला.

सरकारी सोय व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटना "राइट टू पी" या नावाने हाच हक्क मागत आल्या आहेत. दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने एप्रिल २०१७ पासून हॉटेल आणि रेस्टॉरंटमधली स्वच्छतागृहं सगळ्यांना खुली करायला लावली, पाच रुपयांपर्यंत पैसे घ्यायची मुभा देऊन. आपल्याकडेही कधीतरी काहीतरी होईल. पण दिवाळी दर वर्षी येते, आणि सासूबाई आता बहात्तरच्या आहेत.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण मी गेल्या महिन्यात ओळखीच्या पाच-सहा दुकानांत चहाच्या वेळी जाऊन हा विषय काढला. बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं. एका काकांनी सांगितलं, वाट गोडाऊनमधून जाते, माल उघडा पडलेला असतो, चोरी झाली तर कुणाला धरायचं? रास्त आहे. मग किल्ली काउंटरवर ठेवा, आणि बाईची पिशवी जाताना काउंटरपाशी ठेवायला सांगा. कुणाही बाईला त्यात अपमान वाटणार नाही. दुसरे म्हणाले, दिवाळीत पाण्याची टाकी दुपारीच संपते. त्यांना मी म्हटलं, पाच रुपये घ्या, आणि त्या पैशातून दोन जादा पिंप भरून ठेवा. तिसऱ्यांची अडचण खरी होती. "घाण झाली तर साफ कोण करणार? माझ्या मुली साड्या दाखवतील की ते करतील?" त्या मुलींवर हे काम टाकू नका, असंच मीही म्हणेन. आमच्या गल्लीतल्या बचत गटातल्या चौघी जणी आठ दिवस दुपारी दोन ते रात्री आठ हे काम करायला तयार आहेत. योग्य मजुरी, हातमोजे, फिनेल आणि दुपारचा चहा, एवढं तुम्ही चार-पाच दुकानांत वाटून घ्यायचं. माझ्या शिलाईच्या ऑर्डरी धनत्रयोदशीच्या आत संपतात. त्यानंतर मी स्वतः येऊन बसेन.

आत फार काही लागत नाही. आतून लागणारी कडी. एक दिवा. बादली आणि मग. पिशवी किंवा पर्स टांगायला खिळा, कारण ओल्या जमिनीवर दिवाळीची खरेदी ठेवता येत नाही. झाकणाचा एक डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा. बाहेर टेकायला एक स्टूल दिलंत तर म्हाताऱ्या बायका दुवा देतील. दाराशी पुरुष माणूस बसवू नका, हे मात्र पाळा. बाई त्याच्यासमोरून जात नाही, मागे फिरते. मी बघितलं आहे.

व्यवहाराचंही एक सांगते, कारण तुम्ही व्यापारी आहात आणि मीही माझ्या परीने धंदाच करते. त्या दिवशी आमच्या यादीतल्या एकोणीस वस्तूंपैकी सात राहिल्या. साडी अर्धवट बघून सोडली. पणत्या, रांगोळी, केरसुणी, बोळकी, मुलाची चित्रं, कंदिलाचा कागद, काहीच घेतलं नाही. पैसे पर्समध्ये होते, बाजार समोर होता, पण सासूबाईंना घेऊन घर गाठायचं होतं. साडी शेवटी मुलीने दवाखान्यात बसून मोबाईलवर मागवली. आली तेव्हा रंग वेगळाच निघाला. नणंदेने हसून नेसली, पण सासूबाईंनी तिचा पदर हातात घेऊन बघितला आणि काही बोलल्या नाहीत. चौकात चित्रं मांडून बसलेल्या कुंभारमावशींकडून शिवाजी महाराज आणि दोन मावळे घ्यायचे होते. मुलाने किल्ला केला होता अजिंक्यताऱ्यासारखा, अळीव पेरून हिरवागारही झाला होता. गेल्या वर्षी त्यावर जुनेच, हात तुटलेले मावळे उभे राहिले. अशा किती बाया घाईने परत जात असतील, आणि त्यांच्या यादीतलं काय काय तुमच्या दुकानात पडून राहत असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल.

आता शेवटची गोष्ट. कुठल्या दुकानात सोय आहे, हे बाईला कळणार कसं? पाटी लावायला सांगितली तर काहींना संकोच वाटेल, आणि खरं सांगायचं तर पाटी वाचून आत शिरायला बाईलाही संकोच वाटतो. त्यावर मला एक सुचलं. माझ्याकडे बावीस वर्षांचे खणाचे तुकडे आहेत. खणाची चोळी बेतताना काठाची एक पट्टी उरते, ती मी कधी टाकली नाही. खण म्हणजे ओटी, खण म्हणजे माहेर, हे आपल्याकडच्या लहान मुलीलाही ठाऊक आहे. दुकानाच्या दाराला वितभर लांबीचा खणाचा तुकडा टांगलेला दिसला, की इथे विचारायला हरकत नाही, असं बायकांनी समजायचं. बोलायचंही कारण नाही. काउंटरवर येऊन त्याच्याकडे बोट केलं की किल्ली द्यायची. निम्म्या बायकांना मी हे शिलाईच्या खोलीतूनच सांगेन, उरलेल्यांना त्या सांगतील. परळीच्या मावशी म्हणाल्या, "आमच्या येष्टीत मी सांगतो की समद्यांस्नी." आणि आपल्या गावात तर एका पेठेच्या नावातच खण आहे.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी तीन ते पाच पेठेत फिरणार आहे. पोवई नाक्याकडून सुरुवात करून वरच्या रस्त्याने मोती चौक, खण आळी, राजवाडा, आणि परत खालच्या रस्त्याने. ज्यांना तुकडा हवा त्यांनी घ्यावा. ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांनी नुसतं एक स्टूल आणि माठ ठेवला तरी मी त्यांना तुकडा देईन, फक्त तो निराळ्या काठाचा असेल, म्हणजे घोटाळा होणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं सांगावं. मी अस्तर तुमच्याकडूनच घेत राहीन.

साठ तुकडे कापून, कडा दुमडून, शिलाई मारून झाल्या आहेत. टांगायच्या नाड्या सासूबाईंनी लावल्या, रोज दुपारी पाच-सहा. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण हाताला पोत बरोबर कळतो. काल शेवटची नाडी लावून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, यंदा नणंदेच्या साडीला आपण कुठल्या दिवशी जायचं. मी त्यांना अजून दिवस सांगितलेला नाही.

आपली,
टू बाय टूवाली ताई
शाहूपुरी, सातारा